ओव्याची धुरी बाळाला बाधत नाही?

‘ओवा, वावडिंग, शेपा औषधी, मग त्यांची धुरी बाळाला बाधेल कशी?’ बाळंतिणीच्या खोलीत हे हमखास ऐकू येतं. ओव्यातलं थायमॉल जंतुनाशक आहे, हे खरंच. पण निखाऱ्यावर ओवा तडतडला की थोडं थायमॉल वाफ होऊन उडतं. उरलेला दाणा अर्धवट जळतो. त्यातून फॉर्माल्डिहाइड, बेंझोपायरीन ही घातक रसायनं आणि २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण निघतात. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वेगळाच. तो रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट चिकटतो, आणि त्याला वासही नसतो! नवजात बाळ तर मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, म्हणजे हा धूर त्याच्या आत भराभर जातो. आजीची माया खरी आहे, म्हणूनच कळकळीने सांगते: बाळंतिणीला शेक हवा तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करा, शेगडी मात्र खोलीत नको.