तलावांच्या मुलखातून जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड : पार्श्वभूमी

नागपूरहून पूर्वेकडे रायपूरला जाणारा रस्ता भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडतो आणि लाखनी, साकोली, देवरी ही बाजाराची गावे मागे टाकत छत्तीसगडात शिरतो. आज तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 म्हणून ओळखला जातो. 2010 च्या पुनर्क्रमांकनापूर्वी तो क्रमांक 6 होता आणि त्याही आधी, मध्य प्रांताच्या कागदपत्रांत, त्याची नोंद ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ अशी होत असे. या रस्त्याचा इतिहास सांगताना बहुधा इंग्रजांच्या सडकबांधणीपासून सुरुवात केली जाते. माझ्या मते ती तलावांपासून करायला हवी, कारण या वाटेवरून जो माल बाजारात येत होता, तो मुख्यतः तलावांच्या पाण्यावर पिकलेला होता.

भंडारा आणि गोंदिया या आजच्या दोन जिल्ह्यांत पाऊस भरपूर पडतो, परंतु तो आश्विनाच्या सुमारास आटोपतो आणि नेमके त्याच वेळी, दाणा भरत असताना, धानाला आणखी एक-दोन पाण्यांची गरज असते. ही गरज ओळखून टेकड्यांच्या खोलगट उतारांवर मातीची पाळ घालून पाणी अडवण्याची आणि एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत (लहान तळ्यात) घेण्याची पद्धत येथे रुजली. या कामात कोहळी समाजाचे कसब मोठे होते. गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणून वसवले, अशी परंपरा सांगितली जाते. तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क व सवलती देण्याचे गोंड राजवटीचे धोरण या परंपरेशी जोडलेले आहे. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. कोहळी शेतकरी तलावाखाली धानाबरोबर ऊसही घेत, त्यामुळे तांदूळ आणि गूळ हे दोन्ही जिन्नस या भागातून बाहेर जाऊ शकत होते.

अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगडावर अंमल बसवला, तेव्हा नागपूर आणि रतनपूर-रायपूर यांना जोडणाऱ्या या वाटेला राजकीय महत्त्व आले. मात्र ती बांधीव सडक नव्हती. बंजाऱ्यांचे लमाण तांडे बैलांच्या पाठीवर मीठ पूर्वेकडे नेत आणि परतताना धान्य आणत. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधला (बांध घातलेल्या शेतांमधला) चिखल आणि भरलेली वैनगंगा यांमुळे ही ये-जा जवळजवळ थांबत असे.

1853 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतर या वाटेची खडी घातलेली सडक होऊ लागली. 1867 मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर छत्तीसगडचे धान्य बैलगाड्यांनी तेथवर आणण्यासाठी या सडकेची निकड अधिकच वाढली. लाखनी, साकोली, देवरी यांसारख्या गावांच्या आठवडी बाजारांना याच वाहतुकीचा आधार मिळाला. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांनाही सडकेमुळे दूरची गिऱ्हाइके मिळू शकली.

हे महत्त्व फार काळ टिकले नाही. नागपूर-छत्तीसगड रेल्वे 1882 पर्यंत राजनांदगावला गेली आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेतली. हा लोहमार्ग सडकेच्या उत्तरेकडून, तुमसर आणि गोंदियावरून गेला. घाऊक धान्यव्यापार आणि भातगिरण्या तिकडे वळल्या आणि गोंदिया पाहता पाहता मोठे व्यापारी शहर झाले. सडकेवरच्या गावांकडे आसपासच्या खेड्यांचा बाजार तेवढा राहिला. त्यांची वाढ का खुंटली, याचे उत्तर मुख्यतः लोहमार्गाच्या या निवडीत आहे.

तलावांच्या वाट्याला वेगळा बदल आला. इंग्रजी महसूल बंदोबस्तात गावाची मालकी मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्यांकडे, गेली आणि तलावांची देखभाल त्यांच्या व गावकऱ्यांच्या रिवाजानुसार चालू राहिली. 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. तेव्हापासून ते ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव म्हटले जातात. मालगुजारी संपणे न्याय्यच होते. पण गाळ काढणे, पाळीची डागडुजी आणि पाणीवाटप ही कामे गावाने मिळून करण्याची जुनी घडी त्याबरोबर मोडली आणि तिच्या जागी तितकीच भक्कम व्यवस्था उभी राहिली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. असंख्य तलाव गाळाने भरले आणि काहींच्या पोटात शेती झाली. धिवर कुटुंबांच्या मासेमारीलाही त्याची झळ बसली.

1956 मध्ये हा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्याने देवरी त्या जिल्ह्यात गेली, तर लाखनी आणि साकोली भंडाऱ्यात राहिली. रस्त्याचे चौपदरीकरण सुरू झाल्यावर नागझिरा आणि नवेगाव या जंगलांना जोडणारा वन्यजीवांचा मार्ग तो छेदतो, हा प्रश्न ऐरणीवर आला. 2013 मध्ये या दोन्ही जंगलांचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाल्याने त्याचे गांभीर्य आणखी वाढले. लाखनी आणि साकोली येथे आता उड्डाणपूल झाले असून दूरची वाहने गावात न उतरता निघून जातात. खालच्या बाजारात मात्र अजूनही आसपासच्या गावांचे शेतकरी येतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या बांध्या मामा तलावांच्याच पाण्यावर पिकतात.