गाठ : साधी आणि कर्करोगाची

पेशींची वाढ आवरेनाशी झाली की शरीरात गाठ, चट्टा किंवा न भरणारा व्रण दिसू लागतो. अशा वाढीचे सौम्य आणि मारक असे दोन प्रकार मानतात. सौम्य म्हणजे साधी गाठ. ती जागच्या जागी आणि बहुधा सावकाश वाढते. मारक, म्हणजे कर्करोगाची गाठ, शेजारच्या ऊतकांत घुसते आणि रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून (ऊतकांतला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) यकृत, फुप्फुसे, हाडे अशा लांबच्या ठिकाणीही पोचते.

चरबीची गाठ, स्तनातील फायब्रोअ‍ॅडिनोमा आणि गर्भाशयातील फायब्रॉइड या नेहमी आढळणाऱ्या साध्या गाठी. पण साधी म्हणजे निरुपद्रवीच असे नाही. मेंदूच्या आवरणातला मेनिंजिओमा बहुधा सौम्य असतो, तरी कवटीत सरकायला जागा नसल्याने तो मेंदू दाबतो. उलट त्वचेचा बेसल सेल कर्करोग मारक गटातला असूनही क्वचितच लांब पसरतो. दुखण्यावरून तर काहीच ठरत नाही. पू झालेले गळू रात्रभर ठणकते, कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणण्यात महिने जातात, ते यामुळेच.

ठाणे-नवी मुंबईत हा विषय तोंडापासून सुरू करणे रास्त. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. मळलेली तंबाखू आणि सुपारी मात्र नाक्यानाक्यावर मिळते. तंबाखूची चिमूट रोज जिथे धरली जाते, त्या ओठाआड किंवा गालफडात पुसून न जाणारा पांढरा चट्टा उमटतो, तो ल्यूकोप्लाकिया. लाल मखमली चट्टा, म्हणजे एरिथ्रोप्लाकिया, कमी आढळतो, पण तो कर्करोगात बदलण्याचा धोका बराच जास्त. सुपारीने होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते, आमटीचा तिखटपणा सोसवत नाही आणि तोंड उघडेनासे होते. ओपीडीत डॉक्टर रुग्णाला स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये घालायला सांगतात. दोनच गेली की सुपारीची चौकशी सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवले आहे.

असे सगळेच चट्टे कर्करोगात बदलत नाहीत. तंबाखू सुटल्यावर काही विरूनही जातात. टोकदार दाताने झालेला व्रण दात घासून गुळगुळीत केला की भरतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाचा मात्र तुकडा काढून तपासावा लागतो, तीच बायॉप्सी.

निकाल लागतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. फॉर्मेलिनच्या बाटलीतून गेलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढून जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात आणि पेशी मूळ थराखाली उतरल्या आहेत का ते पाहतात. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती घरोघरी ऐकू येते, पण नेहमीच्या सुईतपासणीने किंवा बायॉप्सीने असे होणे फारच दुर्मीळ. अंडकोषासारख्या थोड्या ठिकाणी डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. त्या भीतीने झालेला उशीर कितीतरी जास्त नडतो.

साध्या गाठीला अनेकदा फक्त अधूनमधून सोनोग्राफी पुरते. ती दाबू लागली, रक्तस्राव झाला किंवा निदान पक्के नसले तरच काढतात. कर्करोगात आधी टप्पा ठरतो, मग शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि औषधे यांचा क्रम. तोंडाच्या कर्करोगात बहुधा शस्त्रक्रियाच आधी. मानेतल्या लसिकाग्रंथींत गाठ हाताला लागत नसेल तर त्या ग्रंथी तेव्हाच काढाव्यात की गाठ दिसल्यावर, हा वाद जुना होता. टाटा मेमोरियलमधील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांचे उत्तर प्रसिद्ध केले: लगेच काढलेल्यांत तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के.

याच टाटा मेमोरियल सेंटरचे अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र खारघरला आहे. तिथे 2023 पासून प्रोटॉन किरणांनीही, म्हणजे रेडिएशनच्याच एका प्रकाराने, उपचार होतात. बाहेर बायॉप्सी झाली असेल तर अशा केंद्रात कागदी रिपोर्टवर भागत नाही. आधीच्या लॅबमधून काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून न्यावा लागतो. तो रुग्णाला मिळू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.