मुक्तस्रोत आशय-व्यवस्थापन प्रणालीची निवड

संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे व दस्तऐवज विदागारात (डेटाबेसमध्ये) साठवून, आज्ञावली लिहिता न येणाऱ्या माणसालाही ते ब्राउझरमधूनच भरता, सुधारता आणि प्रसिद्ध करता यावेत यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्यास आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. व्यवहारात सीएमएस हेच नाव रूढ आहे. जिचा सोर्स कोड वाचण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची मुभा परवान्यातच दिलेली असते, ती मुक्तस्रोत प्रणाली होय. वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला या तीन प्रमुख प्रणाली जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या एकाच परवान्याखाली मिळत असल्याने त्यांच्यातील निवड परवान्याच्या किमतीवर ठरत नाही. मजकुराची घडण कशी आहे, तो किती भाषांत द्यायचा आहे आणि पुढची आठ-दहा वर्षे त्याची निगा कोण राखणार आहे, या तीन गोष्टींवर ती ठरावी असे म्हणता येते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा ती तयार थीमचे रूप पाहून ठरते. येथे या निवडीचा विचार मराठी, विशेषतः नागपुरातील संस्थांच्या दृष्टीने केला आहे.

पहिली मुक्तस्रोत सीएमएस कोणती, याविषयी मतभेद आहेत. डेन्मार्कमधील कास्पर स्कोरहॉय यांचे टायपो३ वरील काम १९९७ च्या सुमारास सुरू झाले असे सामान्यतः मानतात, परंतु ते जीपीएलखाली लोकांच्या हाती आले ते काही वर्षांनी. पायथन भाषेतील झोप १९९८ च्या अखेरीस मुक्तस्रोत म्हणून जाहीर झाले. परवान्याचा दिवस प्रमाण धरल्यास झोपला अग्रक्रम द्यावा लागतो. परंतु झोप हा मुळात अनुप्रयोग-सर्व्हर (वेबवरील अनुप्रयोग ज्याच्यावर चालतात तो पाया) असून प्लोन ही सीएमएस त्याच्यावर नंतर, २००१ च्या सुमारास उभी राहिली, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. कामाच्या आरंभापेक्षा परवान्याचा दिवस हीच कसोटी अधिक सयुक्तिक दिसते, कारण दुसऱ्याच्या हाती न पडलेल्या आज्ञावलीला मुक्तस्रोत म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

आज ज्यांच्यातून निवड केली जाते त्या तिन्ही प्रणालींचा उगम अधिक स्पष्ट आहे. ड्रुपलचा आरंभ बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठातील विद्यार्थी द्रीस बाउतार्त यांनी वसतिगृहातील मित्रांसाठी केलेल्या संदेशफलकातून झाला. डोमेन नोंदविताना डच भाषेतील ‘दोर्प’ (खेडे) ऐवजी ‘ड्रॉप’ लिहिले गेले आणि चुकीचेच नाव पुढे ठेवले गेले. थेंबासाठी असलेल्या ‘द्रुप्पल’ या डच शब्दाच्या उच्चारावरून, आज्ञावली जानेवारी २००१ मध्ये मुक्त करताना, ड्रुपल हे नाव बनले. वर्डप्रेस हे मिशेल वाल्द्रिगी यांच्या ‘बी२’ या आज्ञावलीचे काम थंडावल्यावर मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी तिच्यातून काढलेली शाखा (मूळ कोड घेऊन स्वतंत्रपणे पुढे नेलेली प्रणाली) होय. तिची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी निघाली. जूमला ही मॅम्बो या ऑस्ट्रेलियात निर्माण झालेल्या प्रणालीची शाखा. मॅम्बोच्या नियंत्रणासाठी स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाची रचना मान्य नसल्याने तिच्या प्रमुख विकासकांनी ऑगस्ट २००५ मध्ये सामूहिकरीत्या काम सोडले आणि सप्टेंबरमध्ये जूमलाची १.० आवृत्ती प्रसिद्ध केली.

जूमला या नावाविषयी मराठी वाचकास कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. विकासकांनी ते स्वाहिली ‘जुमला’ (सर्व मिळून) या शब्दावरून घेतले, आणि स्वाहिलीत तो अरबीतून आला. मराठीतील ‘जुमला’ही त्याच अरबी मुळाचा असून जुन्या हिशेबी भाषेत तो एकूण बेरीज वा समुच्चय या अर्थी येतो. स्वाहिलीतील आणि मराठीतील अर्थ अशा रीतीने परस्परांशी जुळतात. हिंदी-उर्दूत रूढ असलेला ‘वाक्य’ हा अर्थ त्याच मुळाचा असला तरी प्रणालीच्या नावाशी त्याचा संबंध नाही. नागपुरात मराठीइतकीच हिंदी कानावर पडत असल्याने हे नाव ऐकून निवडणुकीतला ‘जुमला’ अनेकांना आधी आठवतो, एवढेच.

वर्डप्रेसची मूळ घडण दैनंदिन नोंदींसाठी झालेली आहे. नोंद आणि पान हे तिचे दोन मुख्य प्रकार; अन्य प्रकार नीट घडविता येण्याची सोय ३.० आवृत्तीत (२०१०) स्थिरावली. ड्रुपलमध्ये आशयप्रकार आणि त्यांची क्षेत्रे (शीर्षक, दिनांक यांसारखे रकाने) घडविणे हेच पहिले काम असते. एखाद्या वाचनालयाला ग्रंथ, लेखक, देणगीदार आणि व्याख्याने यांचे परस्परसंबंध दाखवायचे असतील तर ड्रुपलमध्ये ते गाभ्यातील (मूळ प्रणालीतील) साधनांनीच बांधता येतात. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी सहसा प्लगिनवर (वरून जोडायच्या पूरक आज्ञावलीवर) विसंबावे लागते. जूमला या दोहोंच्या मध्ये आहे. तिची वापरकर्ता-परवानगीव्यवस्था २०११ च्या १.६ आवृत्तीपासून बारकाईची झाली, परंतु मनाजोगी क्षेत्रे तिच्या गाभ्यात आली ती २०१७ मध्ये.

देवनागरीचा प्रश्न तुलनात्मक तक्त्यांत क्वचितच येतो, आणि मराठी संकेतस्थळाचा कस मात्र तेथेच लागतो. यूटीएफ-८ या, संगणकात अक्षरे साठविण्याच्या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते व वेबपत्त्यात त्याची टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे होतात. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्यासाठी २०० चिन्हांचीच जागा ठेवते. म्हणजे मराठीत जेमतेम बावीस वर्णचिन्हे, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र मोजली जातात. ‘विदर्भ साहित्य संघाचा वर्धापनदिन’ असे शीर्षक दिल्यास पहिले तीन शब्द व मधल्या जागा मिळून १७४ चिन्हे खर्ची पडतात, उरलेल्या सव्वीसांत ‘व’ आणि ‘र’ बसतात, आणि पत्ता ‘विदर्भ-साहित्य-संघाचा-वर’ येथे तुटतो. लेख उघडतो, बिघडत काही नाही. पण पुढील वर्षीच्या त्याच शीर्षकाला ‘वर-२’ मिळते आणि पत्त्यावरून काही कळेनासे होते. यावर उपाय म्हणजे पत्ता हाताने, आखूड लिहिणे. ड्रुपलमध्ये पाथऑटो हे मॉड्यूल (ड्रुपलमधील प्लगिन) पत्त्याचे रोमन लिप्यंतर करून देऊ शकते. जूमलात ‘युनिकोड उपनाम’ हा पर्याय चालू न केल्यास आणि भाषापुटात (त्या भाषेसाठीच्या जोडसंचात) लिप्यंतराची सोय नसल्यास मराठी शीर्षकातील सर्व अक्षरे गळतात व पत्त्याच्या जागी केवळ दिनांक व वेळ उमटते.

शोधाची गोष्ट याहून नाजूक आहे. वर्डप्रेसचा गाभ्यातील शोध दिलेली अक्षरमाला मजकुरात जशीच्या तशी आहे का, एवढेच पाहतो. मराठीत ‘नागपूर’ या नामाचे सामान्यरूप होताना ‘पू’ ऱ्हस्व होतो: नागपुरात, नागपुराहून, नागपुरी. त्यामुळे ‘नागपूर’ असा शोध घेणाऱ्यास ‘नागपुरात’ असलेला लेख सापडत नाही. उलट एखाद्याने हिंदी वळणाने ‘नागपुर’ असे टंकले तर त्याला हिंदी पाने आणि मराठीतील सर्व सामान्यरूपे मिळतात, फक्त शुद्ध मराठी ‘नागपूर’ तेवढे निसटते! चंद्रपूरचीही तीच गत. ‘संत्रा’ शोधल्यास ‘संत्री’ व ‘संत्र्यांचा’ मिळत नाहीत. ‘संत्र’ एवढेच लिहिल्यास तिन्ही मिळतात. अपाचे सोलरसारखे स्वतंत्र शोधयंत्र जोडल्यास शब्दरूपांची अशी व्यवस्था लावता येते आणि ड्रुपलला ते जोडण्याची वाट रुळलेली आहे; पण त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर व तो जाणणारा माणूस लागतो.

मोडीसाठी आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. युनिकोडमध्ये मोडीचा समावेश ७.० आवृत्तीत (२०१४) झाला. देवनागरीपेक्षा वेगळ्या पातळीवर असल्याने तिच्या प्रत्येक वर्णचिन्हास चार बाइट लागतात आणि मायएसक्यूएल या विदागार-प्रणालीचे जुने ‘यूटीएफ८’ संकेतन तीनच बाइट सामावून घेते. चार बाइटांचे संकेतन वर्डप्रेसने ४.२ (२०१५) आणि जूमलाने ३.५ (२०१६) या आवृत्तींत स्वीकारले. ड्रुपल ८ पासून ते मूळचेच आहे. भोसलेकालीन कागदांची लिप्यंतरे मूळ मोडीसह देऊ इच्छिणाऱ्याने जुन्या विदागाराचे संकेतन आधी तपासावे. तसेच श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर कोणत्याही सीएमएसमध्ये चिकटविल्यास रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो; तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. स्मरणिका आणि वार्षिक अहवाल डीटीपीवाल्याकडून घेऊन संकेतस्थळ भरणाऱ्या संस्थांचा निम्मा वेळ यातच जातो.

नागपुरात भाषांचा प्रश्न निवडीच्या केंद्रस्थानी येण्यास ऐतिहासिक कारण आहे. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि त्या राज्याचा कारभार हिंदी व मराठी या दोन्ही भाषांशी निगडित होता. आजही येथील राज्य शासनाची कार्यालये मराठीत, नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) किंवा केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांसारख्या केंद्रीय संस्था हिंदी व इंग्रजीत आणि बाजारपेठ बहुधा मिश्र भाषेत व्यवहार करते. दीक्षाभूमीवर येणारा वाचक तर देशाच्या कोणत्याही भागातील असतो. अशा तीन भाषांच्या संकेतस्थळासाठी वर्डप्रेसच्या गाभ्यात सोय नाही. पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल यांपैकी एखादे प्लगिन घ्यावे लागते, नाहीतर मल्टिसाइट पद्धतीने प्रत्येक भाषेचे वेगळे स्थळ चालवावे लागते. जूमलात १.६ पासून आणि ड्रुपलमध्ये ८ व्या आवृत्तीपासून (नोव्हेंबर २०१५) बहुभाषिकता गाभ्यातच आहे. ड्रुपलमध्ये एका नोंदीचे प्रत्येक क्षेत्र अनुवादावयाचे की सामाईक ठेवावयाचे हे ठरविता येते. दूरध्वनी क्रमांक एकदाच लिहायचा, पत्ता तीनदा. जूमलात प्रत्येक भाषेतील लेख स्वतंत्र असून ते एकमेकांशी जोडले जातात. मराठी लेख मोठा आणि इंग्रजी केवळ सारांश, अशी साहित्यसंस्थांची नेहमीची रीत असल्यास जूमलाची पद्धत अधिक सोयीची ठरते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

असे असूनही लहान संस्था वर्डप्रेसच निवडतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही. जगातील एकूण संकेतस्थळांपैकी ४० टक्क्यांहून अधिक वर्डप्रेसवर असल्याचे मोजणीत दिसते; साहजिकच तिचे काम जाणणारा तरुण सीताबर्डीपासून धरमपेठेपर्यंत कुठेही गाठता येतो, ड्रुपल जाणणारा शोधावा लागतो. ज्या संस्थेचे सचिव दर तीन वर्षांनी बदलतात आणि पासवर्ड मागच्या सचिवांच्या डायरीत राहतो, तिने दुर्मीळ कौशल्यावर आपले संकेतस्थळ उभारू नये.

निगेच्या दृष्टीने आवृत्ती-बदलाचा इतिहास पाहणे इष्ट असते. वर्डप्रेस जुन्याशी सुसंगतता जपते आणि ३.७ आवृत्तीपासून (२०१३) किरकोळ सुरक्षा-अपडेट आपोआप बसविते. तिच्यातील त्रुटी बहुतांशी गाभ्यापेक्षा दुर्लक्षित प्लगिनांतून येतात. ड्रुपल ७ वरून ८ वर जाणे हे अपडेट नसून जवळजवळ नवे बांधकाम होते, कारण आज्ञावलीचा पाया सिम्फनी या तयार आज्ञावली-चौकटीच्या घटकांवर नव्याने घातला गेला. त्यामुळे ड्रुपल ७ चा पाठिंबा वारंवार वाढवावा लागला व तो ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलच्या गाभ्यात गंभीर त्रुटी जाहीर झाली तेव्हा सात तासांच्या आत दुरुस्ती न बसविलेले स्थळ भेदले गेले असेच समजावे, असा इशारा प्रकल्पाच्या सुरक्षा-गटानेच नंतर दिला. भारतीय वेळेनुसार ते तास रात्रीचे होते. प्रकल्पाच्या कारभाराचाही विचार करावा लागतो: सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या संस्थापकांचा एका होस्टिंग कंपनीशी वाद होऊन त्या कंपनीचा अधिकृत प्लगिनकोशाशी असलेला संपर्क तोडला गेला, तेव्हा परवाना मुक्त असला तरी वितरण एका हाती असू शकते हे उघड झाले.

शासकीय कार्यालयांना निवडीस फारसा वाव नसतो. २०१५ च्या केंद्रीय धोरणाने मुक्तस्रोतास प्राधान्य दिले, शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सुगम्यतेच्या अटी घातल्या, आणि जिल्ह्यांची संकेतस्थळे आता मुख्यत्वे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या तयार चौकटीवर चालतात.

ज्यांचा आशय मुख्यतः प्रबंध, जुनी नियतकालिके वा छायाचित्रे यांचा संग्रह आहे अशा महाविद्यालयांनी व ग्रंथालयांनी वरील तिन्हींऐवजी डीस्पेस ही संग्रह-प्रणाली (२००२) पाहावी. सामूहिक कोशलेखनासाठी मीडियाविकी योग्य, जिच्यावर मराठी विकिपीडिया चालतो.