ढालकिडा मावा आणत नाही

"ढालकिडा दिसला की मावा आलाच म्हणून समजा," असं निपाणी-चिकोडीकडं बांधाबांधावर ऐकू येतं. ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड, ढालीसारख्या पाठीचा छोटा भुंगा; मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड. खरं तर उलट आहे. मावा आधी येतो. त्यानं रस शोषलेल्या ज्वारीचा वास बदलतो, पानांवर चिकटा पडतो, आणि त्या वासावर ढालकिडा येतो. जवळ आल्यावरही तो बराचसा चाचपडतच शोधतो. एक मावा तोंडाला लागला, की चाल मंदावते आणि तिथल्या तिथंच वळणं घेत तो पुढचा हुडकतो. इवल्याशा सुसरीसारखी दिसणारी, नारिंगी ठिपक्यांची काळपट अळी त्याचंच पिल्लू. तीही मावाच खाते. पीक खाणारी समजून तिच्यावर औषध मारू नका. बांधावरची रुई जाळतात, त्याचं तर फार वाईट वाटतं. तिच्यावरचा पिवळा मावा ज्वारीवर जात नाही, ढालकिड्याला मात्र तिथं खायला मिळतं.