चार चाकं, पण जोर कुणाला?

फेब्रुवारी जवळ आला की मोबाइलवर कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीचे व्हिडिओ फिरायला लागतात. मोहावे वाळवंटातली ही जागा. २००७ पासून तिथे 'किंग ऑफ द हॅमर्स' नावाची शर्यत होते, आणि पुरुषभर उंचीच्या धोंड्यांवरून गाड्या इंच-इंच वर चढताना दिसतात. ते बघून आपल्याकडची फोर बाय फोर घेतलेली पोरं राजस्थानचे बेत आखायला लागतात. मला त्याचं कौतुकच आहे. बेळगावहून दीड हजारावर किलोमीटर गाडी हाकत जैसलमेर-बाडमेरचा खडकाळ माळ गाठायचा, याला हिंमत लागते. पण तयारी म्हणजे टपावर लाइटची पट्टी, पुढे जाड बंपर आणि गाडी दोन इंच उचलणारे स्प्रिंग, इथपर्यंतच विचार जातो. त्यामागे एक ठाम समजूत असते: फोर व्हील ड्राइव्ह आहे म्हणजे चारही चाकं ओढतात, मग गाडी अडकेलच कशी?

अडकते. आणि का अडकते ते कळलं की कुठे पैसे घालायचे तेही कळतं.

आधी एवढं लक्षात घ्या की वाळवंट म्हणजे नुसते वाळूचे डोंगर नव्हेत. जगातल्या वाळवंटांचा साधारण पाचवा हिस्साच वाळूने झाकलेला आहे. बाकी दगड, मुरूम, गोटे आणि कोरडे ओढे. थरच्या वाळवंटातही जैसलमेरभोवती पिवळ्या चुनखडीचे आणि वालुकाश्माचे उघडे माळ पसरलेत. अशा जागी एक चाक खडकावर, दुसरं भुसभुशीत वाळूत आणि तिसरं अधांतरी, अशी गाडीची अवस्था पदोपदी होते. खरी परीक्षा तिथे आहे, आणि ती देतो गाडीच्या पोटाखालचा एक गोल डबा. मेकॅनिक त्याला हाउसिंग म्हणतात. त्याच्या आत क्राऊन-पिनियन असतं, म्हणजे इंजिनकडून आलेला जोर चाकांच्या दांड्याकडे (एक्सलकडे) वळवणारी गिअरची जोडी, आणि त्यातल्या मोठ्या क्राऊन गिअरच्या पोटात डिफरन्शियल.

डिफरन्शियल लागतंच कशाला? बेळगावच्या चन्नम्मा चौकात गाडी काटकोनात वळवा. डाव्या आणि उजव्या चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त चालतं. गंमत अशी की वळण लहान घ्या नाहीतर भलंमोठं घ्या, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त चाकांमधल्या अंतरावर आणि वळलेल्या कोनावर अवलंबून असतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर वळताना एका चाकाला फरफटावंच लागलं असतं. फ्रान्समधल्या ओनेझिफोर पेकरने वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली आणि १८२७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजच्या आपल्या गाड्यांतही मूळ कल्पना तीच आहे.

रचना बघा. क्राऊनबरोबर एक पिंजरा फिरतो. पिंजऱ्यात आडव्या पिनवर दोन छोटे गिअर बसवलेले असतात, त्यांना आपण स्टार गिअर म्हणू. त्यांचे दाते डावीकडच्या आणि उजवीकडच्या अशा दोन्ही एक्सलच्या गिअरमध्ये अडकलेले असतात. सरळ रस्त्यावर स्टार गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत, पिंजऱ्याबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळणावर ते स्वतःभोवती फिरायला लागतात, आणि एका चाकाचा जेवढा वेग घटतो तेवढाच दुसऱ्याचा वाढतो. दोन चाकांच्या वेगाची सरासरी मात्र कायम पिंजऱ्याच्या वेगाइतकीच राहते. एक चाक पूर्ण थांबलं तर दुसरं दुप्पट वेगाने फिरतं.

इथवर सगळं छान आहे. आता जोराकडे बघू. स्टार गिअर म्हणजे खांद्यावरची कावड समजा. पिंजरा तिला मध्यावर उचलतो, दोन टोकांना दोन चाकं. कावडीच्या दोन्ही टोकांवर भार सारखाच असावा लागतो. एका बाजूचा हंडा काढून घेतला की ते टोक वर उडतं, आणि खांद्याने कितीही जोर लावला तरी दुसरा हंडा जमिनीवरून हलत नाही. डिफरन्शियलचंही तसंच. ते दोन चाकांना वेग वेगवेगळा देऊ शकतं, पण पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, दोन्हीकडे सारखाच देतं. मग तो किती द्यायचा हे कोण ठरवतं? ज्या चाकाला कमी पकड आहे ते!

उदाहरणादाखल आकडे घेऊ. वाळूतलं चाक २०० न्यूटन-मीटरला घसरायला लागतं, आणि खडकावरचं चाक १,३०० न्यूटन-मीटरपर्यंत टिकतं. साध्या डिफरन्शियलमध्ये दोघांना दोनशेच मिळतात, एकूण ४००. खडकावरच्या चाकाची उरलेली सगळी पकड वाया जाते. वाळूऐवजी ते चाक हवेतच असेल तर एकूण जोर जवळपास शून्य. इंजिन कितीही ताकदीचं असू दे, अधांतरी चाक गरगर फिरतं आणि खडकावरचं चाक जागचं हलत नाही.

फोर व्हील ड्राइव्ह लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्यात, एकमेकांना जखडले जातात. आपल्याकडच्या बहुतेक ऑफ-रोड गाड्यांत तसंच आहे. त्यामुळे पुढचा एक्सल अडला तरी मागचा ओढतो. पण पुढे आणि मागे डिफरन्शियल साधंच असेल, तर पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरकी दोन चाकं सुटली की चौघांचाही जोर संपला. खडकावर नेमकं हेच घडतं. याला क्रॉस-एक्सल म्हणतात, आणि बाकी तयारी उत्तम असलेल्या गाड्याही इथेच दोरीला लागतात.

यावरचा उपाय चिकोडी-अथणीच्या ऊस पट्ट्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टर ड्रायव्हरला ठाऊक आहे. गळीत हंगामात अवकाळी पाऊस पडला की काळ्या मातीचा फड लोण्यासारखा होतो. भरलेली डबल ट्रॉली ओढताना मागचं एक चाक जागेवर फिरायला लागतं आणि चर खणत खाली जातं. ड्रायव्हर क्लच दाबून चाक थांबवतो, टाचेजवळचं छोटं पेडल दाबून धरतो आणि क्लच हलकेच सोडतो. हाउसिंगमधून 'खट्' असा आवाज येतो, दोन्ही चाकं एका दांड्यावर असल्यासारखी एकदम फिरतात आणि ट्रॅक्टर वर येतो. हेच डिफ लॉक. पिंजरा आणि एक्सल एकमेकांत अडकले की कावड वाकडी व्हायचा प्रश्न उरत नाही. वरच्या उदाहरणात ४०० च्या जागी १,५०० न्यूटन-मीटर मिळतात, तेही तेच इंजिन आणि तेच टायर ठेवून.

फोर्स गुरखामध्ये असं हाताने लावायचं लॉक पुढे आणि मागे दोन्हीकडे मिळतं. महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत मागच्या बाजूला मेकॅनिकल लॉक आहे, दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की ते आपोआप लागतं. मारुती जिम्नीसारख्या गाड्यांत हे काम ब्रेक करतो. फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो, त्या चाकाला खोटा का होईना, विरोध मिळतो, आणि तेवढाच टॉर्क पलीकडच्या चाकालाही जातो. हीसुद्धा ट्रॅक्टरवाल्यांची जुनी युक्ती. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात आणि रुतलेल्या बाजूचाच ब्रेक दाबता येतो. खडकावर मात्र ब्रेकच्या पद्धतीत एक उणीव राहते: चाक आधी फिरावं लागतं, मग ती जागी होते. फिरतं चाक अचानक खडकाला भिडलं की तो झटका थेट एक्सलला बसतो. म्हणून दगडांचीच वाट धरायची असेल तर गाडी हलण्याआधी लावता येणारं लॉक सगळ्यांत चांगलं.

तुमच्या गाडीत काय आहे ते तपासायचं असेल तर पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं उचलून भक्कम स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर नको. गाडी टू व्हीलवर, इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, हँडब्रेक सोडलेला. आता एक चाक हाताने पुढे फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर तुमचं डिफरन्शियल साधं आहे, किंवा त्याचं लॉक तेव्हा लागलेलं नाही.

लॉकला पथ्यं आहेत. डांबरी रस्त्यावर ते लावून वळायचं नाही, कारण चन्नम्मा चौकातला तो २.३६ मीटरचा फरक मग टायरला घासत किंवा एक्सलला पीळ देत भरून काढावा लागतो. पुढचं लॉक लावल्यावर स्टिअरिंग जड होतं. आणि एक चाक अधांतरी असताना सगळा टॉर्क एकाच बाजूच्या एक्सलवर येतो, तेव्हा ॲक्सिलरेटर ठोकला की एक्सल तुटतो.

म्हणूनच लो गिअर. खडक वेगाने चढायचा नसतो. मॅन्युअल जिम्नीत पहिला गिअर वेग ४.४२५ पटीने घटवतो, ट्रान्सफर केसचा लो २.००२ पटीने आणि क्राऊन-पिनियन ४.०९ पटीने, गुणाकार सुमारे ३६. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असताना चाक २२ फेरे घेतं, म्हणजे ताशी तीनेक किलोमीटर. जीप रँग्लर रुबिकॉनच्या मॅन्युअल गाडीत हा गुणाकार ८४ च्या आसपास जातो, आणि मोठे टायर धरूनही वेग ताशी दीड किलोमीटरवर येतो. वेग जितक्या पटीने घटतो तितक्या पटीने चाकावरचा टॉर्क वाढतो, त्यामुळे पाय ॲक्सिलरेटरवर न ठेवताही गाडी चढते.

आता हवा. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी तयारी म्हणजे टायरमधली हवा कमी करणं. एका चाकावर ४०० किलो भार असेल तर ३० पीएसआयला टायरचा जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने १९० चौरस सेंटिमीटर असतो, १५ ला तो जवळपास दुप्पट होतो. शाळेत आपण शिकलो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबराला तो नियम नीट लागू पडत नाही. रबर मऊ असतं, दगडाच्या खाचाखोचांत शिरतं, आणि क्षेत्र वाढलं की पकडही वाढते. वाळूत फायदा वेगळा: दाब विभागला जातो आणि चाक खाली जात नाही. १५ ते १८ पीएसआय ही नव्या माणसासाठी बरी मर्यादा. फार खाली गेलात तर टायर रिमवरून सुटतो, आणि हवा कमी केल्यावर बाजूला फुगणारी टायरची भिंत धारदार कपारीला चिरते. हमरस्त्याला लागण्याआधी पुन्हा हवा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर बरोबर हवाच. नायट्रोजनच्या जाहिरातींना भुलू नका. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, आणि तुम्ही तर दिवसातून दोनदा हवा सोडणार-भरणार आहात.

पोटाखाली लोखंडी पत्रा आणि दाराखाली आडवे पाइप बसवून घ्या. बेळगावात हे काम करणारी फॅब्रिकेशनची माणसं शोधावी लागत नाहीत. फक्त ते पाइप बॉडीला नव्हे, चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेले आहेत ना, हे स्वतः वाकून बघा. जड सामान टपावर नको. गुरुत्वमध्य वर गेला की तिरक्या खडकावर गाडी लवकर कलंडते. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पिण्याचं पाणी धरा, रेडिएटरसाठीचं वेगळं. सावकाश चढताना समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. रेडिएटरचं झाकण आत सुमारे एका वातावरणाचा जादा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी जवळपास १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर जुनं असेल तर ही सूट गेली. आणि गरम असताना ते उघडायचं नाही, कारण दाब सुटताच ते पाणी एकदम उसळतं.

ओढायच्या दोरीबद्दल मी कठोर आहे. दोन टनांची गाडी ताशी १५ किलोमीटरने झटका देते तेव्हा दोरीत सुमारे १७ हजार ज्यूल ऊर्जा जाते. तेवढ्या ऊर्जेत तीच गाडी जवळपास ९० सेंटिमीटर उचलता येईल. दोरी बंपरला किंवा ट्रेलर ओढायच्या गोळ्याला बांधली आणि तो भाग तुटला, तर तो गोळीसारखा सुटतो. अशाने माणसं मेली आहेत. चेसिसला जोडलेला, भार लिहिलेला हूकच वापरायचा आणि बघ्यांना दोरीच्या लांबीपेक्षा दूर उभं करायचं.

निघताना चाकाखाली लिंबू ठेवतात, बंपरला लिंबू-मिरची बांधतात, अमावास्या टाळतात. खंडेनवमीला गाडीची पूजा मीही मनापासून करतो, यंत्राबद्दलचा तो आदर आहे. पण लिंबू चिरडल्याने एक्सल टिकत नाही, आणि 'नजर लागली' म्हटलं की टायरॉडचा, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याचा, नट ढिला होता का, हे कुणी तपासत नाही.

शेवटची गोष्ट पुन्हा त्या हाउसिंगची. पावसाळाभर खानापूर-जांबोटीच्या ओढ्यांतून गाडी खेळवली असेल, तर वाळवंटात जाण्याआधी पुढच्या-मागच्या हाउसिंगचं ऑइल काढून बघा. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आत पोकळी तयार होते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ते होऊ नये म्हणून वर हवा ये-जा करायला एक बारीक वाट, म्हणजे ब्रीदर असतो, पण तो बहुधा चिखलाने बुजलेला सापडतो. ऑइल दुधट निघालं तर पाणी शिरलंय. ऑइल बदला, ब्रीदर साफ करा, आणि जमलं तर त्याला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधा. वाळवंटात हाच बुजलेला ब्रीदर उलटं काम करतो: हाउसिंग तापतं, हवा फुगते आणि सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसला तर तो ब्रेक ऑइलचा की हाउसिंगच्या ऑइलचा, ते बोटाने चोळून आणि वास घेऊन ओळखा. हाउसिंगचं ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो.