अंगठीतून न जाणारा कोसा

लग्नसराई जवळ आली की आमच्या भंडारा-गडचिरोलीकडे एक सल्ला हमखास ऐकू येतो: साडी अंगठीतून ओढून पाहा, सर्रकन निघाली तर अस्सल रेशीम. हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि त्याचा फटका नेमका आपल्या कोशाला, म्हणजे टसर रेशमाला, बसतो. अंगठीतून कापड जातं की नाही, हे ते किती पातळ आणि गुळगुळीत आहे यावर ठरतं. बारीक पॉलिएस्टरही सुळकन जातं. हाताने वळलेल्या सुताचा जाडसर कोसा मात्र अडकतो, मग गिऱ्हाईक खरा माल बाजूला सारून चकचकीत नकली साडी घरी नेतं.

नावांचाही घोळ असतो. पैठणी, बनारसी, कांजीवरम ही गावांवरून आणि विणकामावरून पडलेली नावं. तिन्हींत रेशीम सहसा एकच, तुतीचं. रेशमाची जात ठरते ती अळीवरून. व्यापारात चार जाती मुख्य: तुती, टसर, एरी आणि आसामचा सोनेरी मुगा. चारही आपल्या देशात होतात. टसर म्हणजेच आपला कोसा.

तुतीची अळी माणसाने हजारो वर्षं घरात पाळली. तिच्या पतंगाला आता धड उडताही येत नाही. कोशाची अळी वाढते उघड्या जंगलात, ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या पाल्यावर. पाखरं आणि मुंग्या तिच्यावर टपलेल्या असतात, म्हणून ढिवर समाजातली कुटुंबं पिकाच्या दिवसांत रानातच मुक्काम ठोकून राखण करतात. कोष हातात घेऊन पाहा. बोटाने दाबला तर दबत नाही. वर एक काळपट देठ असतो आणि देठाच्या टोकाला फांदीभोवती आवळलेलं कडं. हा देठही अळीने रेशमाचाच केलेला असतो. शेवटच्या पिकातला कोषातला जीव हिवाळा-उन्हाळा आतच निजून काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पतंग होऊन बाहेर पडतो. विदर्भातला मे महिना ज्या घरात काढायचा, ते घर मजबूतच हवं!

आता या धाग्याच्या आत शिरू. अळीच्या पोटात दोन ग्रंथी असतात आणि त्यांत फायब्रॉइन नावाचं प्रथिन दाट द्रावणाच्या रूपात साठलेलं असतं. अळी ते पिचकारीने फेकत नाही. थेंब फांदीला चिकटवते आणि डोकं इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत धागा ओढून काढते. अरुंद नळीतून येताना द्रावणातलं पाणी कमी होतं, आम्लता वाढते, आणि ओढ बसल्यामुळे प्रथिनाचे लांबलचक रेणू एका दिशेने सरळ होतात. ना भट्टी, ना विषारी द्रावक. रानातल्या हवेत द्रवाचा घन धागा तयार.

सरळ झालेले हे रेणू शेजारी-शेजारी येतात आणि हायड्रोजन बंधांनी जोडून त्यांचे सपाट थर बनतात. त्यांना बीटा शीट म्हणतात. पत्रावळ्यांची चळत रचावी तसे हे थर एकावर एक बसतात आणि त्यांतून इवले स्फटिक घडतात. तुतीच्या रेशमात ग्लायसीन आणि अ‍ॅलानीन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे घटक, आलटून पालटून येतात, त्यामुळे थराच्या एका बाजूला सगळी ग्लायसीनं, दुसऱ्या बाजूला बहुतेक अ‍ॅलानीनं. ग्लायसीन सगळ्यांत लहान. म्हणून ग्लायसीनच्या बाजू समोरासमोर आल्या की थरांतलं अंतर सुमारे ०.३५ नॅनोमीटर भरतं आणि अ‍ॅलानीनच्या आल्या की ०.५७. टसर-कुळातल्या रेशमात अ‍ॅलानीनच्या सलग माळा असतात, म्हणून अंतर सगळीकडे सारखं, सुमारे ०.५३. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली क्ष-किरणांच्या मदतीने या दोन्ही रचना मांडल्या. कोळ्याच्या जाळ्याच्या मुख्य धाग्यातही अशाच अ‍ॅलानीनच्या माळा सापडतात. स्फटिक धाग्याला बळकटी देतात आणि त्यांच्यामधला अस्ताव्यस्त भाग लवचिकपणा देतो. टसरचा धागा तुतीच्या धाग्यापेक्षा जास्त ताणला जातो, तो या घडणीमुळेच.

कापडात हे सगळं उतरतं. तुतीच्या तंतूचा छेद गोलसर त्रिकोणी असतो, म्हणून त्यावर प्रकाश लखलखतो. टसरचा तंतू जाड आणि चपटा, म्हणून त्याची झळाळी मंद. तुतीचा कोष गरम पाण्यात मऊ होतो. टसरच्या कोषात धागे चिकटवून धरणाऱ्या डिंकात टॅनिन आणि कॅल्शियम ऑक्झलेट असल्याने तो सोडा घालून शिजवावा लागतो. मग बाया मांडीवर वळून सूत काढत आल्या. यात कातडी सोलवटते आणि मजुरी तुटपुंजी मिळते. सूत काढण्याची यंत्रं आता आली आहेत; ती प्रत्येक गावात पोचायलाच हवीत.

या सुतावर नागभीड, आंधळगाव, मोहाडीच्या कोष्ट्यांनी करवती काठाची साडी घडवली. अंग कोशाचं, काठ रंगीत सुती धाग्याचे, आणि आडवा धागा ओवणारे तीन धोटे: दोन काठांचे दोन, अंगाचा एक. जिथे काठ अंगाला भिडतो तिथे करवतीच्या दात्यांची नक्षी उमटते. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

रेशीम नेसल्याने ‘सकारात्मक ऊर्जा’ अंगात येते, असंही हल्ली विकताना सांगतात. त्याला काही आधार नाही. रेशमाचा विजेशी संबंध आहे तो शाळेतल्या प्रयोगापुरता: काचेची कांडी रेशमाने घासली की इलेक्ट्रॉन रेशमाकडे जातात, कांडी धनप्रभारित होते आणि रेशीम ऋणप्रभारित. नेसणाऱ्याच्या नशिबाशी त्या इलेक्ट्रॉनांचं काही देणंघेणं नाही.

पारख करायची तर पदराच्या दशांतले दोन धागे काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. रेशीम केसांसारखंच प्रथिन, म्हणून जळक्या केसांचा वास येतो, ज्योत लवकर विझते आणि उरलेली काळी गोळी बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या व्हिस्कोसला जळक्या कागदाचा वास येतो. करवती साडीत मात्र धागा अंगाचाच घ्या. काठाचा घेतलात तर तो सुती असल्याने कागदासारखाच जळेल आणि अस्सल साडी तुम्ही नकली समजून परत कराल.