नायिकेचा हट्ट आणि नायिकेची ओढ

पहिल्याच प्रकरणात नायिकेने वडिलांना ठणकावून 'नाही' म्हटलं, की खमकी नायिका उभी राहिली असं प्रेमकथा लिहिणाऱ्याला वाटतं. खरं तर तिथे नुसता हट्ट दिसलेला असतो.

समजा, डोंबिवलीची सायली. घरात स्थळं बघणं चालू आहे आणि तिला लोकलची मोटरमन व्हायचंय. (देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक सुरेखा यादव १९८० च्या दशकातच रेल्वेत आल्या, तेव्हा स्वप्न हवेतलं नाही.) आता वडिलांचा विरोध काढून टाका. दुसऱ्या प्रकरणात ते म्हणाले, "कर बाई तुला हवं ते." सायलीकडे नुसता हट्ट असेल, तर कथा तिथेच बसते. ओढ असेल, तर ती रोजच्या गर्दीतही दिवा स्टेशन सोडल्यावर ब्रेक कधी लागतो याकडे कान लावून असते. कोणी बघत नसताना ती काय करते, ते एकदा तरी दाखवा.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतात माणसाच्या तीन गरजा येतात: स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा. स्वायत्तता म्हणजे कुणाचंच न ऐकणं नव्हे. वडील म्हणतील त्याच्या उलट वागणारी मुलगीही वडिलांच्याच तालावर नाचत असते.

हट्ट आणि ओढ सोडून सगळ्यात फसवा प्रकार तिसराच. "मुलगा असतीस तर..." हे वाक्य सायलीने लहानपणी ऐकलंय आणि ते खोटं पाडायला ती रात्र रात्र अभ्यास करते. दडपण आतून येतं, म्हणून लेखक त्यालाच आंतरिक प्रेरणा समजतो. पण त्यामागे अपराधीपणा आणि सिद्ध करण्याची धडपड असते. निकाल लागला की अशी नायिका सुखावत नाही, फक्त सुटते. हे खोडू नका, कादंबरीला उत्तम इंधन आहे. मात्र मध्यापर्यंत तिला कामातच रस लागला पाहिजे.

मग येतो नायक, आणि बहुतेक हस्तलिखितं इथे घसरतात. तो ओळख लावून तिचं काम करून देतो. आपलेपणा मिळाला, सक्षमता गेली. शिवाय तपशीलही फसतो: भरती सहायक लोको पायलट (इंजिनचालकाचा मदतनीस) म्हणून होते, थेट लोकलच्या केबिनमध्ये नाही, आणि वैद्यकीय तपासणी ए-१ दर्जाची, चष्म्याशिवाय चांगली नजर हवी. नायिकेला चष्मा दिलात, तर कथानकच कोसळतं.

नायकाने फार तर सराव परीक्षेला वेळ लावून बसावं. अर्ज तिने त्याच्या भेटीआधीच भरलेला असावा.